अहवालात मुलेही येऊ द्या

आमदारांचा कार्यअहवाल मतदारांच्या हाती पडतो तेव्हा त्यात काय असते, हे रेडीपासून दोडामार्गपर्यंत सर्वांना पाठ आहे. अमुक वाडीचा रस्ता, तमुक मंदिराचा सभामंडप, साकव, स्मशानशेड, हायमास्ट दिवा, धूपप्रतिबंधक बंधारा. मागच्या पानांवर सामाजिक घडामोडी येतात. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, आरोग्य शिबिर, भजन स्पर्धेला उपस्थिती, कुणाच्या घरी सांत्वनाची भेट. यातले काहीही वायफळ नाही. साकव वाहून गेला तर वाडी तुटते आणि आजारी माणसाला खुर्चीवर बसवून न्यावे लागते. पण याच अहवालात मतदारसंघातल्या मुलांच्या मनाच्या आरोग्याला एक पान मिळाले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. ते पान भाषणाचे नको, हिशेबाचे हवे.

ही मागणी सावंतवाडी मतदारसंघापासून सुरू व्हावी, याला कारण आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले आणि दोडामार्ग या तीन तालुक्यांचे प्रतिनिधित्व २००९ पासून दीपक केसरकर करत आहेत. ऑगस्ट २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळात ते राज्याचे शालेय शिक्षणमंत्री होते. मुलांची झोप पुरी होत नाही, असा मुद्दा तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला आणि पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शाळांना सांगितले. निर्णय मुख्यतः शहरांतल्या सकाळच्या सत्राच्या शाळांना लागू पडणारा होता, स्कूलबसवाल्यांची आणि पालकांची कुरकुरही झाली. तरी मुलाची झोप हा शासकीय निर्णयाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात हे घडले, त्यांच्याच मतदारसंघाच्या टोकाला रेडी आहे. तिथल्या मुलांसाठी पुढचे पाऊल त्यांनीच मागावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

रेडी म्हटले की बाहेरच्या माणसाला द्विभुज गणपती आठवतो, यशवंतगड आठवतो. गावातल्या माणसाला खाणी आठवतात. लोखंडाच्या खनिजाने या गावाला रोजगार दिला, लाल धूळही दिली. बंदर आले, पिग आयर्नचा कारखाना आला, त्याचे मालक बदलले आणि एक दिवस तो बंद पडला. खाणी कधी चालू, कधी बंद. त्यामुळे घरातला कर्ता माणूस कधी ट्रकवर, कधी बोटीवर, कधी गोव्यात कंपनीत. आज रेडी, आरोंदा, शिरोड्यातली किती तरी तरुण मंडळी सकाळी दुचाकीला किक मारून गोव्याकडे जातात आणि रात्री उशिरा परततात. बाकीची मुंबईत. घरी मुले आणि म्हातारी माणसे. मिळकत ठरलेली नाही, घरात कर्जाची कुजबुज, कुठे दारू. हे सगळे मूल ऐकत असते. त्याच्याशी त्याविषयी कुणी बोलत मात्र नाही.

मुलाचे बिनसते तेव्हा ते ‘माझे मन ठीक नाही’ असे सांगत नाही. त्याचे पोट दुखते. सोमवारी सकाळी दुखते, शाळेची वेळ टळली की थांबते. आठवीतली मुलगी डबा तसाच परत आणते. चांगला खेळणारा मुलगा मैदानावर जायचे सोडतो. कुणी वर्गात बाकावर डोके ठेवून झोपते, कुणी क्षुल्लक कारणावरून हात उगारते. आई त्याला आरोग्य केंद्रात नेते, पित्ताच्या गोळ्या मिळतात. आठवड्याने पुन्हा तेच. मग शेजारीण सांगते, ‘पोराक बाहेरचा कायतरी लागला असतला.’ देवीपुढे गाऱ्हाणे घातले जाते, नारळ ठेवला जातो. आम्ही गाऱ्हाण्याला नावे ठेवणार नाही. चार माणसे एकत्र येऊन एका लेकरासाठी मागणे मागतात, त्यात त्या घराला धीर आहे. अडचण पुढची आहे. गाऱ्हाणे घालून झाल्यावर त्या आईने कुणाकडे जायचे, याचे उत्तर आज गावात मिळत नाही. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जा म्हटले तर घर हादरते, कारण त्या शब्दाला चिकटलेली भीती जुनी आहे. शेजारच्या आरवलीच्या जयवंत दळवींनी ‘बॅरिस्टर’मध्ये घराण्यात वेड असण्याची धास्ती माणसाला कशी पोखरते, ते दाखवले. ती धास्ती या किनाऱ्यावरून अजून गेलेली नाही. मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून तिच्या धाकट्या भावाचे उपचार टाळले जातात.

आणि जिथे धास्ती नसते तिथे दुसरे टोक. ‘तेका काय कमी आसा? खाता, पिता, मोबाईल आसा!’ घरात सगळ्याचे खापर मोबाईलवर फोडून मोकळे होण्याची सवय आपल्याला लागली आहे. रात्रभर स्क्रीन पाहणाऱ्या मुलाची झोप आणि अभ्यास जातो, हे खरेच. पण बहुतेक वेळा ते मूल मोबाईलमध्ये शिरते ते घरात बोलायला कुणी नसते म्हणून. फोन काढून घेतला आणि बोलणारे माणूस दिले नाही, तर मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

सिंधुदुर्गाला आपल्या निकालाचा अभिमान आहे आणि तो असावाच. २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळ वेगळे झाल्यापासून दहावीच्या निकालात हा विभाग राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. यामागे शिक्षकांचे कष्ट आहेत, पालकांची पोटाला चिमटा काढण्याची तयारी आहे. पण शंभरातली नव्याण्णव मुले उत्तीर्ण होतात तेव्हा उरलेल्या एकावर काय गुदरते, याचाही विचार करायला हवा. आणि सत्तर टक्के मिळालेल्या मुलाला ‘एवढेच?’ असे विचारले जाते, तो प्रश्न घराघरात कसा बोचतो, हे शिक्षकांना विचारावे. पेढ्यांच्या दिवशी घराबाहेर न पडणारी मुले प्रत्येक गावात असतात.

देशाचे चित्रही सांगितले पाहिजे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या निम्म्या आजारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते आणि त्यातले बहुसंख्य कुणाच्या लक्षातच येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. हा आकडा वाचून पान उलटता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयालाही ते करता आले नाही. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि देशातल्या सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश घालून दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. शाळांनाही लागू आहेत. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, मदतवाहिनीचे क्रमांक ठळकपणे लावणे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती, असे बरेच काही त्यात आहे. सर्वांत महत्त्वाचा निर्देश समुपदेशकाचा. ज्या संस्थेत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी आहेत, तिने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था ठेवावी.

इथे आमच्या जिल्ह्याचे घोडे अडते. शंभराची अट पुण्या-मुंबईच्या शाळेला सहज पुरी होते. कोकणातल्या गावात ती कशी पुरी व्हावी? सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ झाली. राज्यात माणसे वाढत असताना आपला जिल्हा आकसला. घरांना कुलपे लागली, तसा शाळांचा पट उतरला. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत पहिली ते चौथी मिळून वीस मुले भरत नाहीत. माध्यमिक शाळा कशाबशा तग धरून आहेत. दरवर्षी संचमान्यता आली की मुख्याध्यापकाच्या पोटात गोळा येतो, कारण गणिताचा शिक्षक टिकतो की अतिरिक्त ठरतो, याची त्याला शाश्वती नसते. असा मुख्याध्यापक समुपदेशकाचे पद मागणार कुठून? न्यायालयाच्या शब्दांप्रमाणे त्याच्या वाट्याला ‘संपर्कव्यवस्था’ येईल, आणि संपर्कव्यवस्था म्हणजे व्यवहारात फायलीतले एक पत्र आणि भिंतीवरचा एक क्रमांक. ज्या मुलांच्या गावात डॉक्टर नाही, ज्यांची शेवटची एसटी पाचला सुटते, नेमकी तीच मुले पटाच्या आकड्यामुळे बाहेर राहतील.

म्हणून आमचे म्हणणे असे की कोकणासाठी निकष पटाचा नको, अंतराचा हवा. रेडी, आरोंदा, आजगाव, शिरोडा, आरवली हा सलग पट्टा आहे. या पट्ट्यातल्या सगळ्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा एकत्र धरल्या तर शंभराची अट किती तरी पटींनी ओलांडली जाते. केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आपल्याकडे वर्षानुवर्षे आहे. त्याच धर्तीवर या पट्ट्याला एक पूर्णवेळ समुपदेशक द्यावा. ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत तो किंवा ती बसेल. बसायला स्वतंत्र खोली हवी. स्टाफरूमच्या कोपऱ्यात, शिक्षकांच्या येण्याजाण्यात कोणतेही मूल तोंड उघडणार नाही. प्रवासभत्ता हवा आणि पगार महिन्याच्या महिन्याला हवा. अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेला माणूस मुलाचा विश्वास मिळवतो न मिळवतो तोच करार संपतो, आणि आधीच कुणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातो.

यावर उत्तर ठरलेले असते की शिक्षकांनाच प्रशिक्षण द्या. शिक्षकांना प्रशिक्षण हवेच, कारण मूल बदलले आहे हे पहिल्यांदा त्यांनाच दिसते. पण पूर्ण भार त्यांच्यावर टाकून चालत नाही, आणि हे आता आमचे नुसते मत राहिलेले नाही. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांमार्फत राबवला, काहींत त्यासाठी नेमलेल्या समुपदेशकामार्फत. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. त्यांच्या शाळांत नववीतल्या मुलांमधले नैराश्य आणि दांडगाई कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकांमार्फत राबवलेल्या शाळांत असा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कारण कुणाही शिक्षकाला कळेल. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचे काम, सर्वेक्षण आणि उरल्या वेळात शिकवणे, त्यात मनाचे दुखणे ऐकायला वेळ आणायचा कुठून? शिवाय जो मार्क देतो, जो शिक्षा करतो, त्यालाच मुलाने घरातली भांडणे सांगावीत, ही अपेक्षाही बरोबर नाही. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळाशाळांत तक्रारपेट्या आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची आठवण झाली. समिती हवी, पेटीही हवी. पण चिठ्ठी टाकण्याआधी मुलाला ज्याच्याशी बोलता येईल असे माणूस लागते.

असे माणूस असण्या-नसण्यातला फरक रेडीकरांना रोज समोर दिसतो. रेडीला लागूनच तेरेखोल आहे, आणि तेरेखोल गोव्यात आहे. तिथून फेरीबोटीने पलीकडे केरी. गोव्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत समुपदेशक पाठवण्याची योजना गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत चालते. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, पण पद आहे, माणूस आहे आणि त्याला जबाब विचारणारे खाते आहे. एकाच नदीच्या दोन काठांवर, एकाच बोलीत बोलणाऱ्या मुलांना इतका फरक सोसावा लागू नये.

उपचाराची गोष्ट याहून बिकट. आजार वाढला की आपल्याकडे वाट एकच, बांबोळी. तिथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मानसोपचाराची वेगळी संस्थाही आहे. पण जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गची माणसे रस्त्यावर उतरली, हे विसरलेले बरे नाही. दुसऱ्याच्या दारावर कायम विसंबून राहता येत नाही. आपल्या राज्याचे जवळचे मनोरुग्णालय रत्नागिरीला, रेडीपासून दीडशे किलोमीटरहून दूर, आणि लहान मुलाला तिथे घेऊन जाण्याची कल्पनाच आईबापांना सहन होत नाही. सिंधुदुर्गनगरीला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागाने ठरलेल्या दिवशी शिरोड्याच्या रुग्णालयात मुलांची बाह्यरुग्ण तपासणी सुरू केली, तर निम्मी वाट सोपी होईल. साधने अगदीच नाहीत असे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन दात, डोळे, रक्त तपासते. पण हे तिन्ही कार्यक्रम एकमेकांशी जोडलेले नाहीत. पथकाला संशय आला तर मूल पुढे कुणाकडे गेले, परत आले का, औषध मिळाले का, याचा माग एका ठिकाणी ठेवला पाहिजे.

आमदाराने यात काय करायचे? आमदार निधी वर्षाला पाच कोटी आहे. तो बांधकामाला आहे, पगाराला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यातून शाळेत एक बंद दाराची, उजेडाची खोली मात्र बांधता येते, आणि ती सभामंडपाहून स्वस्त पडते. खरे काम विधानसभेत आणि जिल्हा नियोजन समितीत आहे. तारांकित प्रश्न विचारावा की सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर सिंधुदुर्गात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीच्या किती बैठका झाल्या, किती शाळांत समुपदेशक पोहोचला, शंभराहून कमी पटाच्या शाळांसाठी कोणती व्यवस्था केली. शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे आणि आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर या दोघांना एकाच लक्षवेधीत उत्तर द्यायला लावावे, कारण दोन खात्यांच्या मध्ये पडलेला विषय नेहमी मध्येच राहतो. पालकमंत्री नितेश राणे यांनी नियोजन समितीत या पट्ट्याचा प्रस्ताव घ्यावा. कुडाळचे आमदार नीलेश राणे यांनीही आपल्या भागासाठी हेच मागावे. या विषयात पक्ष आडवा येण्याचे कारण नाही.

आणि मग अहवाल. अमेरिकेत अनेक राज्यांच्या विधिमंडळांचे सदस्य मतदारांना नियमित पत्र पाठवतात. त्यात गावच्या रस्त्याच्या बातमीशेजारी मुलांच्या मानसिक आरोग्याच्या विधेयकाचे काय झाले, निधी किती मिळाला, मदत हवी असल्यास कुणाला फोन करावा, हे लिहिलेले असते. आपल्या अहवालातही एवढे यावे. कोणत्या वारी कोणत्या शाळेत समुपदेशक बसतो. शिरोड्याला मुलांचा डॉक्टर कधी येतो. किती पदे मंजूर, किती भरलेली. किती मुलांना मदत मिळाली, हा नुसता आकडा.

नुसता आकडाच, यावर आमचा कटाक्ष आहे. मुलाचे नाव नको, फोटो नको, वाडीचे नाव नको. गाव लहान असते. ‘नववीतल्या एका मुलीला’ एवढे छापले तरी संध्याकाळपर्यंत नाक्यावर तिचे नाव घेतले जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याच्या संमतीशिवाय छायाचित्र किंवा माहिती माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. हे बंधन राजकारण्यांइतकेच वृत्तपत्रांनीही पाळायचे आहे. आत्महत्येची बातमी कशी द्यावी, याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारली. बातमीत पद्धतीचे वर्णन नसावे, कारणाचा सोपा निवाडा नसावा, मदतवाहिनीचा क्रमांक असावा. जिल्ह्यातल्या प्रत्येक वार्ताहराच्या टेबलावर ती हवीत.

पदांना मंजुरी लागेल, प्रस्ताव मंत्रालयात फिरेल, वेळ जाईल. पण तोवर थांबायला नको. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक, दोन्ही विनामूल्य आहेत आणि चोवीस तास चालतात. ते वर्गाच्या दाराशी, मुलाच्या नजरेच्या उंचीवर रंगवायला कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. रेडी पंचक्रोशीतल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी हे काम याच आठवड्यात करून घ्यावे.